न्यूग्रेंजचं छप्पर आणि ती पांढरी भिंत

प्रिय मंद्या,

फोटो बघून तू लिहिलंस ना, "हे पाच हजार वर्षांचं वाटतच नाही, कालच बांधल्यासारखं दिसतंय", तर बाबा तुझा सिव्हिलवाल्याचा डोळा बरोबर आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय, चॅटवर एवढं टाईप करायचा कंटाळा येतो.

न्यूग्रेंज म्हणजे आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या उत्तरेला, बॉइन नदीच्या खोऱ्यातलं थडगं, साधारण इ.स.पू. ३२०० चं, गिझाच्या पिरॅमिडच्याही आधीचं, आणि बांधणाऱ्यांकडे धातूचं एकही हत्यार नव्हतं. साधारण ८५ मीटर व्यासाचा ढिगारा, कडेने ९७ मोठे दगड, आत १९ मीटरचा चिंचोळा बोगदा, अंग चोरून सरकावं लागतं, आणि मग एकदम सहा मीटर उंच खोली. दगडावर दगड थोडा थोडा आत सरकवत छप्पर वर नेलंय, चुना नाही काही नाही. आता तुझ्या कामाची गोष्ट, छताच्या दगडांवर त्यांनी पन्हाळी कोरल्यात, पाणी बाजूला जावं म्हणून, आणि फटींत जळकी माती न् समुद्राची वाळू ठासलीय, त्या जळक्या मातीवरूनच कार्बन डेटिंग झालं. इथला पाऊस म्हणजे वर्षभर पिरपिर, तरी खोली कोरडी! आमच्या पुण्याच्या सोसायटीत गच्चीचं वॉटरप्रूफिंग... जाऊ दे.

१६९९ मध्ये जमीनमालकाचे मजूर रस्त्यासाठी दगड काढत होते तेव्हा तोंड सापडलं. मग लोक येऊन आत नावं कोरून गेले (आपले किल्ले बघितलेत, त्यामुळे धक्का वगैरे बसला नाही). १९६२ ते १९७५ प्रोफेसर ओ'केलींनी खोदकाम केलं, बोगद्यात कलंडलेले दगड सरळ केले, आणि २१ डिसेंबर १९६७ ला आत बसून, दारावरच्या फटीतून उगवतीचं ऊन थेट खोलीत येताना बघितलं. यासाठी माणसाला शंभर गुन्हे माफ.

पण फोटोतली ती तोंडाकडची पांढरी भिंत! तिची पांढरी गारगोटी खरी आहे, त्याच लोकांनी लांब विकलोच्या डोंगरांकडून आणलेली, ती तोंडासमोर पसरलेली सापडली. ओ'केली म्हणाले ही कोसळलेली भिंत, आणि मागे आरसीसी टाकून जवळजवळ सरळ उभी केली. दाराच्या बाजूचे काळ्या दगडांचे वळलेले भाग तर चक्क पब्लिकच्या ये-जा साठी केलेत. शेजारच्या नाउथ नावाच्या तशाच थडग्यालाही गारगोटी मिळाली, तिथे ती जमिनीवरच पसरून ठेवलीय. मला तेच पटतं, अंदाज चुकला तर दगड उचलता येतील, आरसीसी कोण काढणार?

बाकी व्यवस्था कडक आहे, बसनेच न्यायचं, थोडी थोडी माणसं आत, फोटो बंद. डिसेंबरमध्ये ते ऊन आत येताना बघायचं तर लॉटरी काढतात, मी नाव टाकणारच आहे, तुझंही टाकू का ते लवकर कळव, पण लागलं तर तिकीट तुझं तू काढायचं, आणि ढग आले तर मला शिव्या घालायच्या नाहीत.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुध्या