त्या गाण्याचं श्रेय बीबरला कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जगभर गाजलेल्या गाण्यांवरचा लेख काल जेवणानंतर वाचला आणि दुपारची झोप गेली. ‘जस्टिन बीबरच्या डेस्पॅसिटो या गाण्याने’ 2017 साली अमेरिकेत इतिहास घडवला म्हणे, आणि त्याचा व्हिडिओ ‘स्पेनच्या गल्लीबोळांत’ चित्रित झाला म्हणे. दोन ओळींत इतक्या चुका करायच्या तर त्यालाही अभ्यास लागतो. लेखकाचं अभिनंदन.

गाणं लुईस फोन्सीचं, जोडीला डॅडी यँकी. दोघेही कॅरिबियन समुद्रातल्या पुएर्तो रिको बेटाचे. लिहिण्यात पनामाच्या एरिका एंडर याही होत्या, पण त्यांचं नाव तुमच्या लेखात शोधून सापडलं नाही. व्हिडिओ आहे तिथल्याच राजधानीतला, सान हुआनच्या ला पेर्ला वस्तीतला. मी बोटीवर होतो, तेव्हा आमची बोट सान हुआनला दोनदा लागली होती. वर जुन्या शहराचा दगडी तट, खाली अटलांटिक, आणि त्या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत एकमेकांना खेटून उभी घरं. तटावरून पाहा, खाली उतरू नका, असं आम्हाला बजावलेलं. गाणं गाजल्यावर तिथे पर्यटकांची रीघ लागली. एवढंही सोडा. खुद्द गाण्याच्या शब्दांत पुएर्तो रिकोचं नाव आहे! लेखकाने ते एकदा पूर्ण ऐकलं असतं तरी भागलं असतं.

आणि यूट्यूबवर 300 कोटींचा टप्पा सगळ्यांत आधी ओलांडणारा जो व्हिडिओ, त्यात बीबर आहेच कुठे? तो व्हिडिओ आला जानेवारीत. बीबरने त्याच गाण्यात आपला आवाज मिसळलेली आवृत्ती आली एप्रिलमध्ये. त्याच्यामुळे हे गाणं बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत पन्नाशीच्या आसपासून थेट पहिल्या दहात गेलं, मेमध्ये पहिलं आलं आणि 16 आठवडे तिथेच राहून मराया कॅरी आणि बॉइझ टू मेन या अमेरिकी गायकांच्या विक्रमाशी बरोबरी करून बसलं, हे मान्य. पण वरातीत मागून सामील झालेल्याला आपण नवरदेव म्हणत नाही. शिवाय हा पाहुणा न्यूयॉर्कच्या क्लबात शब्द विसरला आणि ‘बुरितो’, ‘दोरितो’ करत वेळ मारून नेली. खाण्याची यादी झाली ती, गाणं नव्हे.

आता मूळ दुखणं. याच विषयावर मी 2017 च्या सप्टेंबरात आपल्याला पत्र पाठवलं होतं. आपण ते छापलंत, आभारी आहे. पत्र तीन परिच्छेदांचं होतं. पहिल्यात, सुरुवात गोड असावी म्हणून, बीबरमुळे हे गाणं आपल्याकडच्या मुलांपर्यंत लवकर पोचलं, त्याचे आभार, असं लिहिलं होतं. दुसऱ्या परिच्छेदाची सुरुवात ‘परंतु’ने होती. आपण ‘परंतु’च्या बरोबर आधी कात्री चालवलीत आणि वर मथळा दिलात, ‘बीबरचे अभिनंदन!’ उद्गारचिन्हही आपलंच.

त्यानंतर माझं जे झालं ते मलाच ठाऊक. त्याच वर्षी मेमध्ये बीबर नव्या मुंबईत येऊन गेला होता. वरच्या मजल्यावरचा कॉलेजकुमार जिन्यात गाठून विचारतो, ‘आजोबा, डी. वाय. पाटीलला कुठल्या स्टँडात होतात?’ कट्ट्यावरचे मित्र मला वर्षभर ‘जस्टिनराव’ म्हणत होते. सौ.ने ते कात्रण फ्रिजवर लावलं, ते अजून तिथेच आहे. मी खुलासा पाठवला, तर ‘जागेअभावी’ छापता येत नाही असं उत्तर आलं. त्या दिवशीच्या अंकात सोन्याच्या पेढीची पानभर जाहिरात होती. तिला बरी जागा मिळाली.

अमेरिकेत पहिलं आलेलं हे ‘पहिलंवहिलं स्पॅनिश गाणं’ असं लेखात म्हटलंय, हीसुद्धा थापच. 1987 साली लॉस लोबोसचं ‘ला बाम्बा’ हे स्पॅनिश गाणं पहिलं आलं होतं. 1996 साली ‘माकारेना’ 14 आठवडे पहिलं होतं, अर्थात इंग्रजीची फोडणी देऊन. आणि ते गाणारे खरोखरच स्पेनचे. स्पेनच हवा होता तर ते घ्यायचं की! याउलट पुएर्तो रिको 1898 पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे आणि तिथली माणसं 1917 पासून अमेरिकेची नागरिक. म्हणजे अमेरिकेच्या यादीत अमेरिकेच्याच नागरिकाचं गाणं पहिलं आलं, आणि आपण त्याचं श्रेय कॅनडाच्या पोराला देऊन मोकळे.

उच्चाराचं एकच सांगतो. ‘डेस्पॅसिटो’ नव्हे, ‘देस्पासितो’. इंग्रजांच्या तोंडी आपल्यासारखा त नाही, द नाही, त्यांची अडचण समजू शकतो. आपल्याकडे दोन्ही आहेत, बाराखडीसकट. अर्थही इतका सोपा की ‘देस्पासियो’ म्हणजे हळू आणि ‘देस्पासितो’ म्हणजे अगदी हळूच. तो ‘ितो’ लाडाचा आहे हो. त्याचं ‘टो’ केलं की लाड संपला.

हे पत्र छापणार असाल तर सबंध छापावं. जागा कमी पडलीच, तर या खेपेला कृपया वरून कापावं.

आपला,
26 वर्षांचा वर्गणीदार
रत्नागिरी

ता. क. – गेल्या दोन गुरुवारांच्या शब्दकोड्यांची उत्तरं आलेली नाहीत. उभ्या 14 ला ‘कोकणातील एक फळ’, अक्षरं तीन. फणस बसत नाही, कोकम बसत नाही, काजूची तर अक्षरंच दोन. ज्यांनी हे कोडं रचलं, त्यांनीच परवाचा लेख लिहिला आहे काय?