सभागृह नाकारले गेले तेव्हा आपण दिलेली जागा

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट दाखवण्यासाठी ठरलेले सभागृह आदल्या संध्याकाळी नाकारले गेले, तेव्हा गंगापूर रस्त्यावरील आपल्या शिकवणीची खोली आपण कोणतीही अट न घालता आमच्या मंडळाला दिलीत. त्याबद्दल आभार मानायचे आहेतच. परंतु चित्रपट सुरू होण्यापूर्वी त्याचे दिग्दर्शक आनंद पटवर्धन यांच्याविषयी आपण जे सांगितलेत, त्याचे ऋण अधिक मोठे आहे.

अमेरिकेत शिकत असताना व्हिएतनाम युद्धाविरोधी चळवळीत उतरलेला मुंबईचा हा तरुण १९७४ च्या बिहार आंदोलनात कॅमेरा घेऊन पोहोचला आणि आणीबाणीत त्या आंदोलनावरील चित्रपटाची प्रत तुकडे करून देशाबाहेर न्यावी लागली, इथून आपण सुरुवात केलीत. पुढे अयोध्येच्या वादावरील ‘राम के नाम’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही दूरदर्शनने तो दाखवण्यास नकार दिला, ‘जंग और अमन’मध्ये सेन्सॉर बोर्डाने २१ ठिकाणी कात्री लावायला सांगितली, दोन्ही वेळा पटवर्धनांनी तडजोड न करता मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि ती मिळवली. त्यांच्या परखडपणाची चर्चा नेहमीच होते, मात्र त्यामागची चिकाटी आपण आमच्यासमोर इतक्या सविस्तर मांडलीत, याचे मला विशेष मोल वाटते.

विलास घोगरे यांच्याविषयी आपण बोललात ते तर विसरणे शक्य नाही. पटवर्धनांच्याच ‘हमारा शहर’मध्ये हे शाहीर गाताना दिसतात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातील पोलीस गोळीबारात दहा जणांचे प्राण गेले आणि चारच दिवसांनी घोगरे यांनी आपले जीवन संपवले. डाव्या चळवळीत गाण्यात हयात घालवलेल्या या माणसाने अखेरच्या वेळी डोक्याला निळे, म्हणजे आंबेडकरी चळवळीच्या रंगाचे, फडके बांधले होते. ते फडके त्यांनी का बांधले असेल, याचा शोध घेत पटवर्धन १४ वर्षे वस्त्यावस्त्यांतून चित्रण करत राहिले, तेथील शाहिरांना आणि सामान्य बायाबापड्यांना पुरेसा वेळ देऊन ऐकत राहिले. तीन तासांहून मोठा हा चित्रपट संपल्यावर आपण लगेच भाषण केले नाहीत, आधी मागच्या रांगेतल्या मुलींना बोलू दिलेत, हेही मला त्याच रीतीचे वाटले. आमच्यापैकी काहींच्या घरी दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या आठवणी पिढ्यांपासून सांगितल्या जातात. त्या दिवशी त्या प्रथमच घराबाहेर, सर्वांसमोर बोलल्या गेल्या.

तो सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. येत्या २ मार्चला ‘राम के नाम’ दाखवावा, असे मंडळाने ठरवले आहे. या वेळी जागेची सोय आम्ही केली आहे. प्रास्ताविक मात्र आपणच करावे, अशी सर्वांच्या वतीने नम्र विनंती करते.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
पंचवटी, नाशिक