रिसॉर्ट पुरे झाले, रस्त्यालगतच्या बागांबद्दल लिहा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत वीकेंडला कुठे जायचं यावर जे येतं ते मी न चुकता वाचतो, पण दरवेळी तेच ते, पेंच, ताडोबा, नाहीतर एखादं नवीन रिसॉर्ट आणि तिथल्या सावजी मटणाचं कौतुक. गाडी ज्या रस्त्याने जाते तिथे काय पिकतं यावर एक ओळ नसते.

नाताळच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे कारने काटोल, वरूड, मोर्शी करत सालबर्डीला गेलो. जमेल तिथे आतल्या रोडने गेलो, खड्डे होतेच, पण दोन्ही बाजूला कपाशी, मधे तुरीच्या ओळी आणि काटोल जवळ आलं की संत्र्याच्या बागा सुरू. एका बागेपाशी थांबलो तर झाडं पार मलूल, पानं पिवळट पडून लोंबलेली, मातीला भेगा. मुलगी म्हणाली, काका तुमची बाग वाळली का? काका हसले, "वाळली नाही जी, ताण देल्ला हाये." आंबिया बहार घ्यायचा तर डिसेंबरात पाणी तोडायचं, जानेवारीत परत सोडलं की झाड फुलावर येतं आणि ते फळ दिवाळीच्या आगेमागे तोडायला येतं. अन् धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याची बाग पाहा, तेच संत्रं, तीच काळी जमीन, पण फांद्यांना बांबूचे टेकू लावलेले इतकी लदलेली, कारण त्याने मृग बहार धरला होता, पावसाळ्याच्या तोंडावर फुललेला, माल फेब्रुवारी-मार्चमधे निघणार. आपल्याकडे संत्र्याचा सीझन वर्षातून दोनदा येतो तो यामुळे, हे नागपूरच्या किती पोरांना माहीत असेल सांगा?

खोडांना खालून निळसर लेप दिसतो ना, ती मोरचूद अन् चुन्याची बोर्डो पेस्ट, खोडातून डिंक गळायचा डिंक्या रोग लागू नये म्हणून. आणि संत्रं झाडावरून ओढायचं नाही, कात्रीने देठ कापायचा, ओढलं की देठापाशी साल फाटते आणि फळ लवकर सडतं. मुलीला कात्री हातात मिळाली, मग सालबर्डीला निघायला दुपार झाली.

नागपुरी संत्र्याला २०१४ मधे जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आपल्याच अमरावती रोडवर आहे, पण आम्ही गेलो त्या रोडवर शेतकऱ्याकडून थेट संत्री घ्या असा एक बोर्ड दिसला नाही. काकांनी बाग दरवर्षीसारखी झाडावरच व्यापाऱ्याला देऊन टाकली होती, मग नागपूरच्या कळमना बाजारात काय भाव लागला त्याच्याशी त्यांचा संबंधच संपला. गाड्या तर रोज जातात तिथून, थांबायला कारण पाहिजे फक्त.

म्हणून विनंती आहे की महिन्यातून एकदा तरी एखादा रस्ता घ्या आणि त्या महिन्यात तिथे शेतात काय चाललंय ते छापा. उमरेड रोडने भिवापूरची मिरची आहे, रामटेककडे धान आणि तलावातले शिंगाडे आहेत, विषय काही कमी नाहीत. फक्त एक ओळ ठळक टाका साहेब, विचारल्याशिवाय कुणाच्या बागेत शिरायचं नाही, कारण काकांच्या कुंपणाची तार मागच्याच आठवड्यात सेल्फीवाल्यांनी वाकवून ठेवली होती.

तुमचा एक वाचक,
प्रतापनगर, नागपूर