‘बापावर गेलाय’ म्हणून विषय मिटवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी शिक्षिका आहे. गेल्या महिन्यात आमच्या पालकसभेत नववीतल्या एका मुलाच्या खिशात तंबाखू-सुपारीचा मावा सापडल्याचा विषय निघाला. “बापावर गेलाय, रक्तातच आहे,” एक पालक म्हणाले. कोणी काही बोललं नाही. मुलगा दाराशी खाली मान घालून उभा होता.

मी बिडी कामगाराच्या घरातली. आईच्या मांडीवर सूप, सुपात पानं-तंबाखू आणि शेजारी मिश्रीची डबी. पहाटे मिश्री लावल्याशिवाय तिचं डोकं चालत नसे. गिरणी बंद पडल्यावर वडिलांना झोप येईना, म्हणून ते प्यायला लागले. थोरला भाऊ त्यांच्याच वाटेने गेला, धाकट्याने मात्र थेंबही घेतला नाही. एकाच रक्ताचे दोघे!

रक्ताचा वाटा खोटा नाही. १९७३ साली डेन्मार्कमधल्या दत्तक गेलेल्या मुलग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मदात्यांपैकी एकाला दारूचं व्यसन असेल, तर परक्या घरात वाढूनही त्यांच्यात ते इतर दत्तक मुलग्यांच्या जवळपास चौपट आढळलं. तंबाखूचंही तसंच. यकृतात निकोटिन ज्याचं भरभर मोडतं, त्याला तलफ लवकर येते, आणि हा वेग बराचसा जनुकांवर ठरतो. पण दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्माच, असं जुळ्यांचे अभ्यास सांगतात. बाकी निम्म्यात सुटलेलं काम, उडालेली झोप, मनातली उदासी, चौकातली टपरी, सोबतची पोरं असं सगळं येतं. घरात शुगर असेल तर आपण पोरांना लवकर तपासून घेतो. मग घरात व्यसन असलेल्या पोराला आधीच का जपत नाही?

‘मनात आणलं तर सुटेल’ हेही तितकंच घातक. थोरल्याला आम्ही खोलीत कोंडून एका दिवसात दारू तोडायला लावली. तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरायला लागले, भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. दवाखान्यात नेला म्हणून वाचला. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक बंद केली तर जीव जाऊ शकतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. दारू आणि तंबाखू दोन्ही सोडायला औषधं आहेत, समुपदेशन आहे.

शाळांनी पालकसभेत हे सांगावं, बिडी कारखान्यांच्या फळ्यावर तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत क्रमांक १८००-११-२३५६ लिहावा, ही विनंती. त्या मुलाच्या आईला मी तो लिहून दिलाय. पुढच्या सोमवारी ती आणि मी मिळून त्याला डॉक्टरांकडे नेणार आहोत.

— एक शिक्षिका, अशोक चौक, सोलापूर