तुलना गट सोडू नकोस

पुणे

प्रिय सई,

तू पाठवलेला प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, काल रात्री वाचून काढला. हा विषय तू निवडलास याचा मला फार आनंद आहे. शुगर बॉर्डरला आलेल्या बायका इथे नगर रोडपलीकडच्या प्रत्येक गावात भेटतात. त्यांच्या आतड्यांतल्या जिवाणूंचा त्या साखरेशी काय संबंध आहे, हे त्यांच्यातच शोधायला हवं. पुण्यातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं होतं की आपल्याकडच्या माणसांच्या आतड्यांत प्रिव्होटेला आणि मेगास्फिरा हे जिवाणू जास्त आढळतात. म्हणून परदेशातले निष्कर्ष जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत, हे तू सुरुवातीलाच लिहिलंस ते बरं केलंस.

पण पुढे ‘सर्व सहभागींना तीन महिने प्रोबायोटिक’ हे वाक्य आलं आणि मी थांबले. सगळ्यांना उपयोगी मानलेल्या जिवंत जिवाणूंची कॅप्सूल द्यायची, आधीची आणि नंतरची साखर मोजायची, झालं. फोनवर तू म्हणालीस की पैसे कमी आहेत आणि हातावर पोट असलेल्या बायकांना रिकामी कॅप्सूल द्यायला तुझं मन धजत नाही. तुझ्या मनातली ही माया मला कळते. तरीही सांगते, रिकामी कॅप्सूल घेणारा तुलना गट सोडू नकोस.

तुझं वेळापत्रक बघ. पहिला नमुना आषाढात. म्हणजे आखाडाचे दिवस, घरोघरी मटण शिजतं. दुसरा नमुना श्रावण-भाद्रपद उलटल्यावर. श्रावणात त्याच घरांत मांसमच्छी बंद, सोमवार-शनिवारचे उपास, साबुदाणा आणि भगर, मग गौरी-गणपतींचं गोडधोड. मधल्या काळात खुरपणीची कामं, बायका दिवसभर रानात. खाणं बदललं की काही दिवसांतच आतड्यांतल्या जिवाणूंचं प्रमाण बदलतं, हे २०१४ साली माणसांवरच्या प्रयोगात दिसलेलं आहे. मग तीन महिन्यांनी कुणाची साखर उतरली तर ती तुझ्या कॅप्सूलने, उपासाने की खुरपणीने? तुझ्या संगणकाला हे कळणार नाही. त्याच गावात, त्याच श्रावणातून गेलेल्या पण रिकामी कॅप्सूल घेतलेल्या बायका असतील तरच कळेल.

आणि साखर उतरवणाऱ्या मेटफॉर्मिनचं काय? गावातल्या डॉक्टरांनी काही जणींना ती गोळी आधीच सुरू केलेली असते. मधुमेहींच्या आतड्यांत जे बदल मधुमेहाचे म्हणून सांगितले जात होते, त्यातले बरेचसे या गोळीमुळे होते, हे २०१५ साली कळलं. मोठमोठ्या प्रयोगशाळांची जिथे गल्लत झाली तिथे आपण सावध राहायला हवं.

ॲमस्टरडॅममधली २०१३ सालची चाचणी तुझ्या संदर्भांत आहेच. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूमुळे जुलाब पुन्हा पुन्हा होणाऱ्या १६ रुग्णांना निरोगी दात्याच्या शौचातले जिवाणू नळीवाटे दिले आणि पहिल्याच वेळी १३ बरे झाले. जग चकित झालं ते या आकड्याने. मला मात्र शेजारचा आकडा मोलाचा वाटतो. फक्त व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक घेतलेल्या १३ जणांपैकी ४ बरे झाले होते. ते तेरा जण नसते तर त्या उपचाराची खरी ताकद कुणाला समजली असती?

दुसरी चाचणी मात्र तुझ्या यादीत नाही, ती घाल. नेदरलँडमध्येच, २००८ साली छापलेली. स्वादुपिंडाच्या गंभीर दाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक दिलं. दही-ताकातल्यासारखे जिवाणू, त्यांनी काय अपाय होणार, असंच सगळ्यांना वाटत होतं. प्रोबायोटिक मिळालेल्या १५२ जणांपैकी २४ दगावले, प्लासिबो म्हणजे रिकामं औषध मिळालेल्या १४४ पैकी ९. सई, तुलना गट नसता तर ते चोवीस मृत्यू आजाराच्या खात्यावर लिहिले गेले असते आणि तेच औषध पुढच्या रुग्णांना देत राहिले असते. तुझ्या बायका तितक्या आजारी नाहीत, मान्य. पण आपण देतोय ते चांगलंच आहे, हे आधीच धरून चालायचा हक्क आपल्याला नाही.

उलट ओडिशाचं बघ. पिनाकी पाणिग्रहींच्या गटाने खेड्यांतल्या ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी केली. निम्म्यांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लान्टारम हा प्रोबायोटिक जिवाणू आणि त्याचं खाद्य, निम्म्यांना प्लासिबो. २०१७ साली निकाल आला. जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. ज्या आयांनी बाळाला नुसतं प्लासिबोही मिळू शकेल हे माहीत असूनही सही केली, त्यांच्यामुळे हे खात्रीने सांगता येतं. त्या आया गरीबच होत्या.

आपल्या बायकांना हे समजत नाही असं समजू नकोस. इतकी वर्षं मी उंबऱ्यावर बसून संमतीपत्रं वाचून दाखवली. ‘रिकामी गोळी कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. मी सांगते, औषध चालतं का हे आम्हालाही ठाऊक नाही, म्हणून चिठ्ठी काढून ठरवतो, आणि कुणाला काय मिळालं ते शेवटपर्यंत मलाही कळत नाही. सगळं उघड सांगितलं की त्या विचार करतात, सासूला-नवऱ्याला विचारतात आणि बहुतेक जणी येतात. शौचाचा नमुना द्यायला लाजणाऱ्या बायका चिठ्ठीला मात्र अडत नाहीत. ज्या नाही म्हणतात त्यांना पुन्हा गळ घालायची नाही, हेही तुझ्या हाताखाली काम करणाऱ्या मुलांना शिकव.

तुझ्या मनाला जे टोचतं त्यावर वाट आहे. कॅप्सूलचा गुण आला तर अभ्यास संपल्यावर रिकाम्या गटालाही ती तीन महिने फुकट द्यायची, असं संमतीपत्रातच लिही. पैसे वाचवायला जिवाणूंची जनुकक्रम तपासणी सगळ्या टप्प्यांवर न करता पहिल्या आणि शेवटच्या नमुन्यावरच कर. आणि सुरुवात दिवाळीनंतर, कार्तिकी एकादशी झाली की कर, म्हणजे चातुर्मास संपलेला असेल.

प्रश्नावलीत ‘गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं का’ असं आहे, त्याला सगळ्या जणी नाही म्हणतील. घरातली औषधांची पिशवी बाहेर आणायला सांगायची आणि एकेक पाकीट स्वतः बघायचं. तो रकाना मी तयार करून पाठवते. नैतिकता समितीकडे कागद जाण्याआधी नवा मसुदा मला दाखव, आणि दोन गट केले तर किती जणी लागतील तो आकडा तुझ्या सरांना विचारून रविवारी सांग. तेवढ्या जणींपर्यंत कसं पोचायचं ते मी आशाताईंशी बोलून ठेवते.

तुझी,
आई