पाजी, आमच्या शिवारातलं तुमचं काम आम्ही नेलं, तरी तुम्ही शिकवलंत

पाजी,

सत श्री अकाल. राम कृष्ण हरी.

तुम्हाला मराठी चांगलं बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून हे पत्र माझी पुतणी तुम्हाला फोनवर वाचून दाखवणार आहे. तरीही ते मी सगळ्यांसमोर लिहितोय. आमच्याकडे पंजाबच्या हार्वेस्टरवाल्यांचा विषय निघाला की बोलणं दोनच गोष्टींवर येतं, एकरी भाव किती आणि दाणा किती सांडला. तुम्ही घर सोडून महिनोन्‌महिने कसे राहता, हे कुणी विचारत नाही. आमचा हरभरा फेब्रुवारीत निघतो, गहू मार्चमध्ये, मग मध्य प्रदेशातला गहू आणि बैसाखीच्या सुमाराला तुमच्या नाभ्याकडचा. पीक जसजसं उत्तरेकडे पिकत जातं तसतसे तुम्ही त्याच्या मागे वर चढत जाता. सगळ्या जगाचं कापून झालं की मग स्वतःचं शेत.

आम्ही चौघा चुलतभावांनी 2019 च्या उन्हाळ्यात जुनं हार्वेस्टर घेतलं. 14 फुटी कटरबार, म्हणजे पुढचा कापणीचा पट्टा, बरेच हंगाम चाललेलं. तोवर कयाधूकाठच्या आमच्या शिवारात तुमचंच मशीन चालायचं. ट्रॅक्टर आम्ही वीस वर्षं चालवलेला, त्यामुळे हेही जमेल असं वाटलं. पण ट्रॅक्टर म्हणजे एक इंजिन आणि मागे एक अवजार. इथे एका इंजिनावर कापणी, ओढणी, मळणी, उफणणी, अख्खं खळं एका वेळी फिरत असतं. त्यातलं एक बेअरिंग जाम झालं की सगळं खळं थांबतं.

त्या वर्षीचा ऑक्टोबर मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. पाऊस जायचं नाव घेईना. दोन दिवस उघडीप मिळाली आणि आम्ही मशीन सोयाबीनमध्ये घातलं. पीक वरून सुकलं होतं, बुडात ओलं होतं. ते आम्ही रेटत राहिलो. कापलेलं पीक वर ओढून नेणाऱ्या एलिव्हेटरमध्ये बोळा बसला आणि साखळी तुटली. संध्याकाळचे सहा वाजले होते, वर आभाळ भरून येत होतं आणि 22 एकर उभं होतं. ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांनी फोन उचलला नाही. शेवटी तुम्हाला लावला. खरं सांगतो, लावताना हात अडखळत होता, कारण तुमचं गिऱ्हाईक आम्हीच तोडलं होतं.

रात्री अकराला तुम्ही मोटारसायकलवर आलात, गोणपाटात साखळीच्या कड्या गुंडाळून. आल्या आल्या तुम्ही पाना हातात घेतला नाही. आधी केबिनमध्ये चढलात, इंजिन बंद केलंत आणि चावी काढून खिशात घातलीत. माझा धाकटा भाऊ तेव्हा चालू इंजिनावर ऑगरमधला, म्हणजे पीक आत ढकलणाऱ्या फिरत्या स्क्रूमधला पाला हाताने ओढत होता. तुम्ही त्याच्यासमोर तुमचा डावा हात धरलात. त्याला दोन बोटं नाहीत. "ज्याचा हात आत, चावी त्याच्या खिशात." एवढंच बोललात आणि बॅटरी तोंडात धरून एलिव्हेटरखाली शिरलात.

पहाटे तीनपर्यंत साखळी बसली. पैशाचं विचारलं तर म्हणालात, तुमच्या कड्या आल्या की माझ्या परत द्या. आईने केलेलं पिठलं आणि ज्वारीची भाकरी खाल्लीत आणि तसेच तुमच्या मशीनवर गेलात. दव उडाल्यावर दहा-अकराला आम्ही सुरू केलं. 22 पैकी 17 एकर पावसाच्या आत घरात आलं.

फेब्रुवारीत हरभऱ्याने पुन्हा धडा दिला. आडतीवर व्यापाऱ्याने मूठभर दाणे तळहातावर पसरले आणि भाव खाली आणला. दाणे फुटून डाळ झाली होती. मी तुम्हाला फोनवर नुसतं एवढंच सांगितलं. तुम्ही विचारलंत, मळणीचा ड्रम किती फेऱ्यांवर आहे? गव्हाला ठेवतात तसा, मिनिटाला 800 च्या वर होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही येऊन तो 500 च्या आसपास आणलात आणि त्याच्याखालची जाळी खाली सोडलीत. ड्रम आणि जाळी यांच्यातली फट पुढे मोठी आणि मागे लहान असायला हवी, म्हणजे माल आत सहज शिरतो आणि बाहेर पडेपर्यंत पूर्ण मळला जातो. हे तुम्ही ड्रमखाली माझी बोटं घालायला लावून शिकवलंत. चावी माझ्या खिशात होती. आज सोयाबीनचं बियाणं घरचंच ठेवायचं असेल तर आम्ही ड्रम त्याहूनही खाली, 400 वर आणतो, कारण सालाला तडा गेलेला दाणा उगवत नाही. आमच्या भागात कितीतरी जणांना दरसाल दुबार पेरणी करावी लागते आणि दोष पावसाला जातो. त्यातली काही पेरणी आदल्या वर्षी ड्रममध्येच फुकट गेलेली असते, असं माझं मत आहे.

मग 24 मार्च 2020 आला. रात्री आठला टीव्हीवर देश बंद झाला आणि तुम्ही चौघे मशीनसकट आमच्या आखाड्यावर, शेतातल्या वस्तीवर, अडकलात. घरचा गहू पिकत आलेला, रस्ते बंद. हार्वेस्टरला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायची मोकळीक केंद्राने 27 मार्चला दिली, पण नाक्यानाक्यावर ते पटवून द्यायला आणि कागद हातात यायला आणखी दिवस गेले. तुमच्या डोळ्याला डोळा नव्हता. तरी ते नऊ दिवस तुम्ही रोज सकाळी आमचं मशीन उघडून बसलात.

त्या नऊ दिवसांत मी जे शिकलो ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं पाहिलं नाही. दाणा सांडतोय म्हटलं की आम्ही चाळण्याच बदलत बसायचो. तुम्ही मशीन पिकात मधेच थांबवलंत, थोडं मागे घेतलंत आणि तीन ठिकाणी उकिडवे बसलात. जिथे कटर अजून पोचलंच नव्हतं तिथले पडलेले दाणे पिकाचे स्वतःचे, उशिरा कापल्याचे. कटर गेलं पण मागचा भुसा पडला नाही तिथे दाणे वाढले, तर दोष पीक कटरकडे लोटणाऱ्या रीलचा. ती मशीनच्या चालीपेक्षा थोडीच जास्त फिरायला हवी, फार फिरली की ओंब्या झोडपते. आणि भुशाखाली वाढले तर मग जाळी, भुसा झटकणारे वॉकर, चाळण्या, पंखा. तीन जागी दाणे मोजले की चोर सापडतो. इतकी साधी गोष्ट, आणि आम्हाला ती एका अख्ख्या हंगामाच्या नुकसानीनंतर कळली.

बेअरिंग गरम आहे का ते मशीन थांबवून हाताच्या पालथ्या बाजूने बघायचं. पट्टा घसरला तर आवाजाआधी वास येतो. डिझेलची टाकी संध्याकाळीच भरायची, रात्रभर रिकामी राहिली तर आतल्या हवेचं पाणी होतं. हवेचा फिल्टर आतून बाहेर फुंकायचा. हंगाम संपला की मशीनच्या पोटातला दाणा न्‌ दाणा काढायचा, नाहीतर उंदीर येतात आणि दाण्यांबरोबर वायरीही खातात. पट्टे सैल करायचे, पात्यांना तेल लावायचं. आमच्या शेडच्या भिंतीवर ग्रीस भरायच्या निपलांचा नकाशा तुम्ही कोळशाने काढलात, रोजचे वेगळे, आठवड्याचे वेगळे. भिंतीला रंग दिला तेव्हा तेवढा चौकोन आम्ही सोडला.

त्या दिवसांत एका संध्याकाळी तुम्ही आईला विचारलंत, नर्सी इथून कुठल्या बाजूला? संत नामदेवांचं गाव आमच्यापासून जवळच आहे, पण मंदिर बंद होतं आणि नांदेडला हजूर साहिबलाही जाता येत नव्हतं. तुम्ही बांधावर उभं राहून त्या दिशेला हात जोडलेत आणि भगत नामदेवजींचा एक शबद म्हटलात. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत हे मला तेव्हा कळलं. आईला शब्द समजले नाहीत. तिने मागोमाग तिच्या पाठातला नामदेवांचा अभंग म्हटला, आणि तो संपेपर्यंत तुम्ही हात सोडले नाहीत.

पुढे एका मार्चात गव्हात मशीन चालू होतं. टाकी खाली करायला थांबलो की मशीनभोवती एक फेरी मारायची आणि सायलेन्सरजवळचा भुसा झाडायचा, ही सवय तुमची. धाकटा फेरीला गेला तर भुशातून धूर निघत होता. पाण्याचा कॅन तिथेच लटकवलेला होता, तुम्ही सांगितलेल्या जागी. वारा सुटलेला, चारी बाजूंनी वाळलेला गहू, आमचा आणि शेजाऱ्यांचा. एक कॅन पाणी लागलं, बास.

पाजी, एक गोष्ट मी तुम्हाला समोर कधी बोललो नाही. आमच्या शिवारात आमचं मशीन नीट चालायला लागलं की तुमचं तिथलं काम संपणार, हे तुम्हाला पहिल्या रात्रीपासून माहीत होतं. साखळी नसती जोडली तर पुढच्या वर्षी आम्ही मशीन विकून तुमच्याचकडे आलो असतो. तुमच्या मुलाच्या कॉलेजच्या फीची चिंता तुम्ही लॉकडाऊनमध्ये बोलून दाखवली होती, म्हणजे पैसा तुम्हालाही हवा होता. तरी हातचं राखून काही शिकवलं नाहीत. माझ्या भावाचे दोन्ही हात आज धड आहेत. त्यासाठी आभार हा शब्द फार छोटा पडतो, पण दुसरा मला येत नाही. आभार.

चौघांनी बसून ठरवलंय. नदीकडच्या पट्टीतलं 40 एकर, आमचं आणि भावकीचं, आमचं मशीन कापणार नाही. ते तुमचं, दरसाल, चालू भावाने. भावकीला विचारलंय, सगळे हो म्हणाले. यंदा तिथे हरभरा आहे, घाटे भरलेत, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात येईल. आखाड्यावरच्या खोलीचे पत्रे बदललेत, चार बाजा आणि नळ आहे. नांदेडला माथा टेकून झाला की फोन करा, धाकटा घ्यायला येईल. तुमच्या कड्या आल्यात, गोणपाटातच ठेवल्यात.