स्पालांझानीचा उलटा निष्कर्ष

महोदय,

रविवारच्या विज्ञान पानावर कृत्रिम रेतनाच्या इतिहासाविषयी आलेला मजकूर आवडला. एक दुरुस्ती मात्र सुचवतो. ‘शुक्रजंतूंमुळेच गर्भधारणा होते हे स्पालांझानीने सिद्ध केले’ असे त्यात छापले आहे. पुरावा त्याच्या हाती आला होता हे खरे, पण त्याने निष्कर्ष काढला तो नेमका उलटा!

इटलीतल्या पाव्हिया विद्यापीठात शिकवणारा हा पाद्री. नर बेडकांना त्याने मेणकापडाच्या चड्ड्या घातल्या (थट्टा नव्हे). मादीने टाकलेली अंडी फलित झाली नाहीत. मग चड्डीत साठलेले थेंब अंड्यांना लावले, तर झाली. पुढे त्याने रेत शोषकागदातून गाळले. खाली उतरलेले पाणी निकामी ठरले. कागदावरचा साका पाण्यात कालवून लावला, तर अंडी फळली. आज दहावीतले पोरही सांगेल की शुक्रजंतू कागदावर अडकले. स्पालांझानीला मात्र भावी जीव अंड्यातच आधीपासून तयार असतो, याची खात्री होती. रेतात वळवळणाऱ्या त्या ‘किड्यां’ना त्याने श्रेय दिले नाही. ते दिले प्रेव्हो आणि द्यूमा या दोन शास्त्रज्ञांनी, गाळण्याचा प्रयोग नव्याने करून, १८२४ मध्ये. तोवर स्पालांझानीला जाऊन पाव शतक लोटले होते.

असे असूनही सस्तन प्राण्यातले पहिले यशस्वी कृत्रिम रेतन त्याच्याच नावावर आहे. कोंडून ठेवलेली स्पॅनियल जातीची कुत्री माजावर आल्यावर त्याने पिचकारीने रेत आत सोडले. ६२ दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली, दोन नर आणि एक मादी. आपल्या मजकुरात हे आहे. सुटली आहे ती एक गोष्ट: पिचकारी त्याने आधी अंगाच्या उबेइतकी कोमट करून घेतली होती. मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून उभी हयात गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करण्यात घालवली, म्हणून ही ओळ मला सोडवत नाही. द्रव नायट्रोजनच्या कंटेनरमधून काढलेली गोठवलेल्या रेताची कांडी आम्ही ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायचो आणि थंडीच्या दिवसांत गन (रेत आत सोडायची लांब नळी) गार पडू नये म्हणून शर्टाच्या आत, छातीशी धरून गोठ्यापर्यंत न्यायचो. उशीर झाला की गर्भ राहायचा नाही, गाय पुन्हा माजावर यायची आणि मालकाची बोलणी खावी लागायची.

शाळेतली मुले हे पान कापून वहीत चिकटवतात. तेव्हा शुक्रजंतूंबाबतचे ते वाक्य येत्या अंकात दुरुस्त करावे, ही विनंती.

– एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, संगमनेर